पहिल्या नंबरचा मान

जून आला की माझा भाव वाढतो. वर्षभर माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसलेली मुलं अचानक 'सर, दोन मिनिटं आहेत का' असं विचारायला लागतात. त्यांचे बाप रस्त्यात मोटरसायकल थांबवून हात जोडतात. तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो, आणि बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-अडीच महिने जीवशास्त्र सोडून बाकी सगळं सांगतो. कुठलं कॉलेज चांगलं, कुठलं नुसतं फोटोत चांगलं, हॉस्टेल आवारातच आहे की गावाबाहेर, एसटी कुठवर जाते, दाखला अजून हातात आला नसेल तर काय करायचं. सगळी उत्तरं मला येतात असं मुळीच नाही. पण विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं आणि मास्तरला गप्प बसायची सवय नसते, त्यामुळे दोघांचंही भागतं.

यंदाही ते सुरू झालंय. काल स्टाफरूमच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर एक ते दहा आकडे घातलेले, आणि आकड्यांपुढे काहीच नाही. "सर, पहिल्या नंबरला कुठलं टाकू?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. चार वर्षं झाली, या एका प्रश्नाला माझं असंच होतं. शेवटी म्हणालो, "आधी घरी जा आणि ज्याला त्याला विचारायचं बंद कर. मलासुद्धा." तिला वाटलं सर आज रागात आहेत. ती पान घडी करून निघून गेली.

राग नव्हता. दर्शनाची आठवण आली, इतकंच.

पण दर्शनाआधी माझ्या कॉलेजबद्दल सांगायला हवं, म्हणजे मी जिथे शिकलो त्याबद्दल. ते घाटावरचं, शेतकीचं, उसाच्या मुलखातलं. मोठं नाव, मोठी लायब्ररी, नजर पोचणार नाही एवढी शेतं. वर्गात मी कुठलाही धडा काढला तरी पाचव्या मिनिटाला तिथे पोचतो. मूळ शिकवताना तिथली काळी माती येते, पान शिकवताना तिथला ऊस येतो. माझी बायको म्हणते, "तुमचं सासर तिथेच असायला हवं होतं, माझ्या माहेराचं एवढं कौतुक कधी ऐकलं नाही." मुलांनाही ते पाठ झालंय. एखादा धडा कंटाळवाणा झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, तुमच्या कॉलेजमध्ये हे कसं शिकवायचे?" आणि मी लगेच सुरू होतो. चढवा हरभऱ्याच्या झाडावर, मी चढायला तयारच असतो.

जे मी वर्गात कधी सांगितलं नाही ते असं. मी धाकटी डहाणूचा. बापाची होडी, दारापुढे काठ्यांवर वाळणारे बोंबील, खाडीच्या वासाशिवाय जेवण जात नाही असं घर. शेत मी लांबून पाहिलेलं. शेतकी कॉलेजात मला घातलं ते आमच्या हेडमास्तरांनी. फॉर्म त्यांनी आणला, त्यांनी भरला, मी सही केली. बाप म्हणाला, "सरांनी सांगितलंय ना, मग झालं." पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन वारा हुंगायचो. त्याला कसलाच वास नसायचा. मी रडायचो. दुसऱ्या वर्षी रडणं थांबलं, तिसऱ्या वर्षी मित्र झाले, चौथ्या वर्षी पदवी मिळाली, आणि परत आल्यावर गावात कोणी विचारलं की मी म्हणायचो, "काय सांगू, कॉलेज म्हणजे कॉलेज." पंचवीस वर्षं हे म्हणत आलोय. एवढ्या वेळा म्हटलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

दर्शना झरीच्या एका पाड्यावरची. वर्गात फारशी बोलायची नाही, पण अभ्यास नेटका. तिचा बाप रावजी. खाचरात भात, वरच्या उतारावर नागली आणि वरई, दिवाळीनंतर मिळेल तिथे मजुरी. बारावीच्या वर्षी एकदा ही पोरगी प्लास्टिकच्या पिशवीत भाताचं रोप घेऊन आली, मुळासकट, चिखलासकट. "सर, आमचा भात दाणा भरला की आडवा पडतो. शेजारच्या खाचरातला नाही पडत. असं का?" मी रोप हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि दहा मिनिटं बोललो. घरी जाताना मोटरसायकलवर माझ्या लक्षात आलं की मी जे सांगितलं ते सगळं उसाचं होतं. दुसऱ्या दिवशी तिला सांगू म्हटलं, आणि राहून गेलं.

त्या वर्षी तिने शेतकीची प्रवेशपरीक्षा दिली आणि बऱ्यापैकी मार्क मिळवले. आता निवड करायची होती. सरकारी वेबसाइटवर कॉलेजांची यादी असते, तिच्यातून आपल्याला हवी ती नावं आपल्या पसंतीच्या क्रमाने लावायची. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मग मार्कांप्रमाणे फेऱ्या होतात आणि कोणाला कुठलं लागलं ते कळतं. हे सगळं तलासरी नाक्यावरच्या कल्पेशभाईंच्या दुकानात होतं. झेरॉक्स, फोटो, रिचार्ज आणि फॉर्म. बाहेर चपलांचा ढीग, आत एक पंखा, आणि पंख्याखाली अर्ध्या तालुक्याचं भविष्य. कल्पेशभाई घरी गुजराती बोलतात, दुकानात मराठी, आणि वेबसाइट बंद पडली की हिंदीत शिव्या देतात.

त्यांचाच मला फोन आला. "सर, तुमची दर्शना आलीय फॉर्म भरायला. एक नंबरला कोणाचं कॉलेज टाकलं सांगा."

"कोणाचं?"

"तुमचंच ना. बाप पण बोलला, सरांचं पहिलं."

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला विचारलंत का, तिला तिथे जायचंय का?" मी म्हणालो, "टाकलंय म्हणजे जायचंच असणार." हे मी किती सहज म्हणालो ते आज आठवलं की कान गरम होतात.

कॉलेज कसं निवडावं यावर मी दर वर्षी बोलतो. निकालानंतर पालकांना बोलावतात, फळ्यावर मी मुद्दे लिहितो. पण आमच्याकडच्या मुलांचे खरे प्रश्न त्या मुद्द्यांत नसतात, ते नंतर व्हरांड्यात कळतात. तिथे मेसमध्ये भात देतात की नुसत्या चपात्या. आपण बोलल्यावर हसतात का. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चार दिवस सुट्टी देतील का. एकाने मला विचारलं होतं, "सर, तिथे आपल्यातलं कोणी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. माहितीपत्रकात कारंजं असतं. माझ्या भाषणातही कारंजंच जास्त असायचं, आता कळतं.

पहिल्या फेरीचा निकाल ऐन आवणीत लागला. दर्शनाला एक नंबरचं कॉलेज मिळालं. माझं. त्या कॉलेजात जागा मिळणं अवघड असतं, आमच्या इथून कोणाला मिळाल्याचं मला आठवत नव्हतं. मी स्वतः पेढे आणून स्टाफरूममध्ये वाटले. सहकारी म्हणाले, "वा सर, वारसदार मिळाली." मी 'कसचं काय' म्हणालो आणि दुसरा पेढा घेतला. ती येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कल्पेशभाईंच्या दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारली.

"सर, एक सांगू? ती पोरगी खूश नव्हती. निकाल बघून गप बसली. मग मला विचारते, आता दोन नंबरचं नाही मिळणार का? मी बोललो, बेन, एक नंबर लागला म्हणजे बाकीचे कटाप. पहिल्या फेरीत एक नंबर लागला तर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तर डोळ्यातून पाणीच आलं तिच्या."

"दोन नंबरला काय होतं?"

"कोकणातलं. भाताचं कॉलेज बोलत होती."

प्रवेश घेण्याची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. मी तसाच मोटरसायकल काढून झरीला गेलो.

घरी कोणी नव्हतं. सगळे खाचरात होते. बांधावरून हाक मारली तर रावजी गुडघाभर चिखलातून वर आले, मागून दर्शनाची आई, आणि सगळ्यांत शेवटी ती. हात कोपरापर्यंत चिखलाचे. मला बघून तिने मान खाली घातली. पडवीत बसल्यावर मी सरळ विचारलं, "रावजीभाऊ, पोरीला कोकणातल्या कॉलेजात जायचं होतं तर पहिल्या नंबरला ते का नाही टाकलं?"

रावजींना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "गुरुजी, पयला मान तुमचा ना. तुमी शिकवलं. मंग पयल्या नंबरावं तुमचं कॉलेज नाय टाकायचं तर कोनाचं? तिचं तिनं दोन नंबरला टाकलं."

मला उलगडायला क्षणभर वेळ लागला. पावसाळ्यात इथल्या रानात पहिली भाजी उगवते, कोळीची. ती देवाला दाखवल्याशिवाय पाड्यावर कोणी तोंडात घालत नाही. नवा भात आला की तसंच. पंगत बसली की पहिलं पान मानाच्या माणसाचं, त्याने घास घेतल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत. पहिलं ते स्वतःचं नसतंच. ते द्यायचं असतं. आपलं जे काही सुरू होतं ते दुसऱ्या नंबरापासून. रावजींनी आणि दर्शनाने फॉर्मवरची यादी अगदी शहाण्या माणसांसारखी वाचली होती, फक्त ती यादी करणाऱ्याला हे शहाणपण माहीत नव्हतं.

"आनि ते मोठं कॉलेज," रावजी म्हणाले, "ते आमाला कशाला लागतंय, असंच वाटलं. देव काय जेवतो का, गुरुजी? आपन दावतो, मंग आपलं आपनच खातो. ह्या कंप्यूटरनं खाल्लंच ते."

हसू आलं मला. नंतर मी आधीच्या वर्षांच्या मुलांकडे चौकशी केली. चारजणांनी माझं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं होतं. मान म्हणून. मार्क कमी पडल्यामुळे ते कोणालाच लागलं नव्हतं, दोन नंबरचं लागलं होतं, आणि सगळे सुखात होते. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो की माझ्या बोलण्याचा परिणाम होतोय.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. दर्शनाने ती जागा सोडली. पुढच्या फेऱ्यांतून तिचं नाव गेलं. शेवटी उरलेल्या जागा भरतात, त्यात काही होतं का ते बघायला मी आणि कल्पेशभाईंनी जंग जंग पछाडलं, पण कोकणातल्या त्या कॉलेजात जागा उरलीच नाही. वर्ष गेलं. त्या वर्षात तिने बापाच्या खाचरात काम केलं, परत प्रवेशपरीक्षा दिली, मार्क पहिल्यापेक्षा थोडे कमीच पडले, आणि पहिल्या नंबरला कोकणातलं कॉलेज टाकलं. ते दुसऱ्या फेरीत लागलं. आता ती चौथ्या वर्षाला जाईल. वर्ष वाया गेलं का, असं मला लोक विचारतात. हो, गेलं. एका घरचं वर्ष जाणं म्हणजे काय ते विचारणाऱ्यांना माहीत नसतं, म्हणून ते चुकचुकतात आणि विसरतात. पाड्यावर काहीजण अजून म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मला सांगायचंय ते त्या दुपारबद्दल.

दर्शनाच्या आईने भात, उडदाचं वरण आणि सुक्या मासळीची चटणी केली होती. मासळी मी धाकटी डहाणूचा म्हणून मुद्दाम, हे न सांगता कळलं. रावजींनी पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. बाकीची ताटं वाढलेली, पण हात कोणीच लावेना. आवणी करून आलेली माणसं, भुकेने डोळे खोल गेलेले, आणि सगळी माझ्या हाताकडे बघत बसलेली.

मी हात ताटाशी नेला नाही. आधी दर्शनाला सगळं नीट सांगितलं. हे सोडलंस तर दुसरं मिळेलच असं नाही. बहुतेक नाहीच मिळणार. वर्ष जाईल. तिथे जाऊन चार वर्षं काढलीस तर पदवी पदवीच असते, मोठ्या नावाची असते, नोकरीला उपयोगी पडते. हे सगळं खरं होतं आणि मी ते खरेपणानेच सांगितलं. मग ती म्हणाली, "सर, तिथे भात नाही ना. मला भाताचं शिकायचंय. आमच्याकडे मागच्या दिवाळीत कृषीसहायक ताई आल्या होत्या, त्या कोकणातल्या कॉलेजात शिकल्या. त्यांनी बांधावर बसून सांगितलं, आमचा भात का पडतो ते. तुम्ही पण सांगितलं होतं. पण ते वेगळं होतं."

ते उसाचं होतं हे तिला तेव्हाच कळलं होतं. इतके महिने तिने मला ते जाणवू दिलं नव्हतं.

मग मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गच्ची, वारा, रडणं. रावजी ऐकत होते. दर्शनाच्या आईने पदराने तोंड पुसलं. माझं बोलून झाल्यावर रावजी म्हणाले, "गुरुजी, दिलेला मान आमाला माघारी घेता येत नाय. तुमचा तो. तुमीच मोकळा करा."

मी घास घेतला. मोठा घेतला, सगळ्यांना दिसेल असा. म्हणालो, "मान पोचला, रावजीभाऊ. पोरीला तिचं घेऊ द्या." रावजींनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. मास्तराला साजेसं वागलो असं वाटून थोडं बरंही वाटलं.

पण दर्शना जेवायला लागली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, वर्गात कधी पाहिलं नव्हतं इतकं सरळ, आणि विचारलं, "सर, मी ते सोडलं तर तुम्हांला वाईट वाटेल?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. त्या घरातल्या कुणालाही त्याहून जास्त नको होतं. आणि मी म्हणालोही. पण लगेच नाही म्हणालो. मध्ये वेळ गेला. किती, ते सांगता येत नाही, घास गिळायला लागतो तेवढा असेल. तेवढ्यात मला वाटून गेलं की आमच्या भागातून कोणीतरी त्या कॉलेजात जावं. कोणीतरी तिथे राहावं आणि न रडता राहावं, म्हणजे मी तिथे गेलो त्यात काही चुकलं नाही असं होईल. एवढं मोठं ओझं मी त्या पोरीच्या डोक्यावर द्यायला निघालो होतो आणि त्याला मी मार्गदर्शन म्हणत होतो. मग मी म्हणालो, "नाही."

तिने तो मधला वेळ पाहिला होता.

"वाटेल, सर," ती म्हणाली. "थोडं वाटेल. पण मी सोडते."

आणि तिने पहिला घास घेतला.